करंगळीला भाषा नसते

संपादकांचं पत्र आलं. ‘दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहणाऱ्या मराठी घरांविषयी काहीतरी लिहा.’ विषय मानाचा आहे आणि त्यावर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. मराठी शाळांची गळती, ग्रंथालयांची अवस्था, नातवंडांचं धेडगुजरी बोलणं, पाट्यांवरची लिपी. त्यावर लिहिणारे माझ्याहून अधिकारी लोक आहेत. मी बालवाडीची बाई. तीस वर्षं माझा संबंध आला तो अडीच ते सहा वर्षांच्या माणसांशी. या माणसांना लिपी येत नाही, मतदान करता येत नाही, वर्तमानपत्राला पत्र लिहिता येत नाही. घराबाहेर पडल्यावर त्यांचा सर्वांत निकडीचा प्रश्न एकच असतो आणि तो ती करंगळी वर करून मांडतात. मी त्या प्रश्नावर लिहिणार आहे.

फराळाचं ताट शेजारी असताना शी-शूचा विषय कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. ज्यांच्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे ते उलटणार नाहीत, याची मला खात्री आहे. याच दिवाळीत ते मुलाला घेऊन एसटीनं कुठेतरी गेले असतील, फटाक्यांच्या आणि कापडाच्या बाजारात फिरले असतील, आणि नेमक्या गर्दीत ती करंगळी वर झाली असेल. मग काय झालं? दोन गाड्यांच्या मधली जागा, बंद दुकानाची पायरी, नाहीतर गटाराचा काठ. आजूबाजूचे लोक दुसरीकडे बघतात, आई घाईघाईनं चड्डी वर ओढते आणि आपण सगळे मिळून काही झालंच नाही असं समजतो. हे ‘काही झालंच नाही’ असं समजणं आता थांबवलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

*

आमचा निजामपुरा बडोद्याच्या उत्तरेला. फत्तेगंज मागे टाकून छाणीच्या रस्त्याला लागलात की येतो. इथल्या गल्लीत सकाळी एका दारात ‘अगं, डबा विसरलीस’ आणि शेजारच्या दारात ‘चाल बेटा, मोडुं थाय छे’ एकाच वेळी ऐकू येतं. माझ्या बालवाडीत मराठी मुलं मला ‘बाई’ म्हणत, गुजराती मुलं ‘बेन’ म्हणत, आणि दोन्ही घरांत खेळून वाढलेली काही मुलं सरळ ‘बाईबेन’ म्हणत. मला ते आवडायचं.

या मुलांना सर्वांत आधी कोणते दोन शब्द दोन्ही भाषांत यायला हवेत, असं मला कुणी विचारलं तर मी ‘नमस्ते’ आणि ‘धन्यवाद’ सांगणार नाही. मराठी मूल ‘शू’ आणि ‘शी’ म्हणतं. गुजराती मूल ‘एकी’ आणि ‘बेकी’ म्हणतं. बेळगावकडची माझी एक मैत्रीण सांगते की तिच्या शेजारचं कानडी मूल ‘उच्चे’ म्हणतं. ज्यांची मुलं घरात एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरी, त्यांनी मुलाला पाढे शिकवायच्या आधी हे शब्द शिकवावेत.

का ते सांगते. माझ्याकडून पहिलीत गेलेली एक मराठी मुलगी. शाळेचं नाव सांगत नाही, माध्यम मात्र दुसरं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं वर्गात उभं राहून ‘शूला जायचंय’ म्हटलं. बाईंना कळलं नाही, त्यांनी ‘बेसी जा’ म्हणून बसवलं. ती बसली. पुढचं सांगायला नको. त्या दिवसानंतर ती सकाळी घरून निघताना पाणी प्यायची बंद झाली. दूधही नको म्हणायची. पावसाळा संपेपर्यंत तिला लघवीला जळजळ सुरू झाली आणि डॉक्टरांकडे खेपा सुरू झाल्या. चूक त्या बाईंची नव्हती, त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. पण पाच वर्षांच्या मुलीनं त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. बाहेर जायचं असेल तर पाणी प्यायचं नाही!

हा धडा आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. मुलीला तो पाचव्या वर्षीच मिळाला, एवढाच फरक.

*

लहान मुलाची पोटाची पिशवी केवढी असते याचा डॉक्टर एक सोपा हिशेब सांगतात. मुलाच्या वयात एक मिळवा आणि तिसानं गुणा, तेवढे मिलिलिटर. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची मजल दीडशे मिलिलिटरची. चहाच्या मोठ्या कपाएवढी म्हणा. मोठ्या माणसाची चारशे-पाचशेपर्यंत जाते. तुम्ही आणि तुमचा नातू एकाच वेळी घरून पाणी पिऊन निघालात, तर त्याला तुमच्या आधी लागणार. हा त्याचा हट्ट नसतो. शिवाय ‘लागली’ आणि ‘झाली’ यांत मोठ्यांना अर्धा तास मिळतो, त्याला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. ती पाच मिनिटं आपण ‘घरी गेल्यावर हं’ असं म्हणण्यात घालवतो.

ज्यांच्याकडे रोखून धरायची ताकद आहे, त्यांची नेहमीच अंगवळणी पडलेली वाईट सवय होते. मूल रोखतं, मग शी कडक होते, मग दुखतं, दुखतं म्हणून आणखी रोखतं. बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही जोडी बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या परिचयाची आहे. त्याच्या मुळाशी पुष्कळदा औषधानं न जाणारी गोष्ट असते, आणि ती म्हणजे भीती.

भीती कशाची? तुम्ही एकदा गुडघ्यांवर बसा आणि त्या उंचीवरून आपल्या एखाद्या सार्वजनिक संडासाचं दार उघडून बघा. तीन वर्षांचं मूल जेमतेम तीन फूट उंच असतं. आत अंधार, कारण दिवा लावायचं बटण त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर, आणि बहुधा दिवा नसतोच. खाली ओली फरशी. भांड्याच्या दोन बाजूंना पाय ठेवायच्या जागा मोठ्या माणसाच्या मापाच्या. त्यावर पाय फाकून बसलं की मुलाचा तोल जातो, आणि धरायला भिंतीला काही नसतं. मधलं भोक त्याला विहिरीसारखं दिसतं. रेल्वेच्या जुन्या डब्यांत त्या भोकातून पळणारे रूळ दिसत. तेव्हा किती मुलांनी बडोदा ते मुंबई हा प्रवास पोट दाबून केला असेल ते तीच जाणोत. कमोड असेल तर त्याची बैठक सोळा इंचांवर, म्हणजे मुलाच्या गुडघ्याच्या पुष्कळ वर. चढवून बसवावं तर पाय लोंबकळतात. पाय टेकल्याशिवाय मुलाला नीट जोर करता येत नाही, हे कोणतीही आजी सांगेल. मुतारीची कड जमिनीपासून दोन फुटांवर; चार वर्षांच्या मुलाची कंबर कशीबशी तिथे पोचते. हात धुवायचं बेसिन बत्तीस इंचांवर, त्याची कड तीन वर्षांच्या मुलीच्या हनुवटीला लागते. पाण्यानं भरलेला मग तिला एका हातानं उचलत नाही. आतून लावायची कडी तिला लागते पण निघत नाही, नाहीतर निघते पण लागत नाही.

ही सगळी मापं कुणाची आहेत? साडेपाच फुटी, धडधाकट, एकट्या पुरुषाची. नकाशा काढताना कागदावर तोच एक माणूस उभा असतो. म्हातारा नाही, अपंग नाही, कडेवर मूल घेतलेली बाई नाही, आणि मूल तर नाहीच नाही.

नव्या मॉलमध्ये गेलं की हे सुटतं असं कुणी समजू नये. तिथे सगळं चकचकीत असतं, पण उठायच्या आतच आपोआप धोऽ करून पाणी सुटतं आणि मूल किंचाळत बाहेर येतं. हात वाळवायच्या यंत्राचा आवाजही तसाच. कॅनडातल्या कॅलगरीच्या नोरा कीगन या शाळकरी मुलीला ‘या यंत्रानं कान दुखतात’ असं मुलं का म्हणतात याचं कुतूहल वाटलं. तिनं सार्वजनिक स्वच्छतागृहांत जाऊन मुलांच्या कानांच्या उंचीवर आवाज मोजला. काही यंत्रांचा आवाज शंभर डेसिबलच्या वर गेला. तिचा निबंध २०१९ साली बालरोगाच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मुलं खरं बोलत होती. मोजायला मात्र एका मुलीलाच जावं लागलं.

*

आता मुलाला नेतं कोण, ते पाहू. आई नेते, असं सगळे गृहीत धरतात. आई दोन पिशव्या, एक पर्स आणि एक मूल घेऊन त्या अडीच फुटी खोलीत शिरते. पिशवी टांगायला खुंटी नसते. पिशवी दातांत, पदर कमरेला, एक हात मुलाच्या दंडाला आणि दुसऱ्यानं नळ. ही कसरत ज्यांनी केली नाही त्यांनी सार्वजनिक स्वच्छतेवर भाषणं करू नयेत. तिचा मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की बायकांच्या बाजूला इतर बायका कुरकुरतात, आणि पुरुषांच्या बाजूला त्याला एकट्याला पाठवायला तिचं मन धजत नाही.

वडिलांबरोबर चार वर्षांची मुलगी असेल तर? आजोबांबरोबर नात असेल तर? पुरुषांच्या मुताऱ्यांच्या रांगेतून तिला न्यायचं? बायकांच्या दाराशी उभं राहून अनोळखी बाईला ‘जरा हिला नेता का’ म्हणायचं? आमच्या गल्लीतले एक आजोबा नातीला घेऊन कमाटीबागेत जायचे. तिला लागली की ते रिक्षा करून घरी येत. बागेतल्या छोट्या गाडीचं तिकीट राहून जाई आणि नातीचा हिरमोड होई. त्यांना मार्ग सांगा पाहू.

या प्रश्नाचं उत्तर जगात सापडलेलं आहे. अमेरिकेत २०१६ साली अध्यक्ष ओबामांच्या सहीनं एक कायदा झाला. केंद्र सरकारच्या ज्या इमारतींत लोकांची ये-जा असते, तिथे बाळाचे कपडे बदलायची फळी बायकांच्या आणि पुरुषांच्याही स्वच्छतागृहात हवी, असं त्यात म्हटलं आहे. बाळ हे बापाचंही असतं, हे तिथे कायद्यानं सांगावं लागलं. आपल्याकडे ते भावनगरच्या एका वकिलानं केव्हाच जगून दाखवलं होतं. गिजुभाई बधेका वकिली सोडून बालशिक्षणात आले, १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं, आणि गुजरातनं त्यांना प्रेमानं ‘मूछाळी मा’ म्हटलं. मिशांची आई! अशा मिशांच्या आया आज घरोघरी आहेत. मुलांना शाळेत सोडतात, बागेत नेतात. त्यांच्यासाठी एक दार आपल्या गावांत नाही.

*

या गोष्टीची खंत मला बडोद्यात जास्त वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. साऱ्या देशासाठी असा एक कायदा व्हायला २००९ साल उजाडलं. महाराजांनी मुलांना शाळेत आणलं. मादाम मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं तेव्हा खुर्च्या, टेबलं आणि हात धुवायची भांडीसुद्धा मुलांच्या उंचीला आणली. गिजुभाईंनी तो विचार गुजरातीत रुजवला. भावनगरला त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो मराठीत आणला, आणि १९४५ साली बोर्डीला जाऊन अनुताई वाघांच्या साथीनं गरिबांच्या अंगणापर्यंत नेला. मराठी आणि गुजराती या दोन भाषांनी मिळून या देशाला बालशिक्षण दिलं, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

एवढी पुण्याई पाठीशी असताना झालं काय? मुलाच्या मापाची खुर्ची आली, टेबल आलं, चित्रांचं पुस्तक आलं. मुलाच्या मापाचा संडास मात्र बालवाडीच्या फाटकाबाहेर आलाच नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मुलानं मोठं व्हावं, अशी आपली अपेक्षा.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातली धारावी आणि धारणी होती, आणि आमच्या तेव्हाच्या बडोदा जिल्ह्यातलं छोटा उदेपूरही होतं. १९९९ साली संपूर्ण स्वच्छता अभियान आलं, त्यात अंगणवाडीला मुलांच्या मापाचा संडास हवा असं धरलेलं होतं. म्हणजे कल्पना कागदावर आहे आणि जुनी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं मागितली, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांचा. सहाच्या आतलं मूल उंबऱ्याबाहेरच राहिलं. २०१४ साली स्वच्छ भारत आला. घरोघरी संडास झाले, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण रस्त्यावरचं, स्टँडवरचं, बाजारातलं, बागेतलं मूल? ते अंगणवाडीत दिवसाचे तीन-चार तास असतं. उरलेला वेळ ते तुमच्या-माझ्या गावात असतं.

*

‘हे सगळं ठीक, पण आपल्याकडे शक्य आहे का?’ असं विचारणाऱ्यांना मी पुण्याला पाठवते. परदेशात नको, पुण्यातच.

१९९९ साली रत्नाकर गायकवाड पुण्याचे महापालिका आयुक्त असताना तिथल्या झोपडवस्त्यांत सामुदायिक स्वच्छतागृहं बांधायचा मोठा कार्यक्रम निघाला. ‘स्पार्क’ ही संस्था, झोपडवासीयांचं राष्ट्रीय फेडरेशन आणि ‘महिला मिलन’ या बायकांच्या संघटनेनं त्यातली शंभराहून जास्त बांधली. कुणाला काय हवं ते वस्तीतल्या बायकांनी सांगितलं. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती कोणत्याही तज्ज्ञाच्या कागदावर नव्हती. रांग लागली की मोठी माणसं मुलांना मागे सारतात. शिवाय मोठ्यांच्या संडासाला मुलं भितात. म्हणून ती बाहेर उघड्यावर बसतात. उपाय काय? मुलांचे संडास वेगळे करा. भांडं लहान, भोक लहान, आणि बसल्यावर तोल जाऊ नये म्हणून धरायला कडी.

झालं. एवढंच. आकाशातून काही आणायचं नव्हतं. अशा मुलांच्या जागा पाचशेच्या घरात झाल्या. ही गोष्ट आहे गेल्या शतकाच्या शेवटची, आपल्या मराठी पुण्याची, आणि सुचलेली ती झोपडीत राहणाऱ्या बायकांना. ज्यांच्या घरात संडास नव्हता त्यांना मुलाचं माप कळलं, आणि ज्यांच्या फ्लॅटला दोन-दोन आहेत त्या आपल्याला कळू नये?

न्यायालयाचा दरवाजाही एका मराठी मासिकानंच ठोठावला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’नं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०१५ च्या डिसेंबरात न्यायालयानं महाराष्ट्रातल्या महापालिकांना बायकांसाठी रस्त्यांवर स्वच्छतागृहं बांधायचे आदेश दिले. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ बायकांनी चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बाईसाठी दार उघडलं की तिच्या बोटाला धरून मूल आत येतं, हे खरं. पण आत आल्यावर त्याला बसायला जागा हवी, हा पुढचा मुद्दा अजून कुणी हातात घेतलेला मला दिसत नाही.

*

आता आक्षेपांकडे वळते. तीस वर्षांत हे मी इतक्यांदा ऐकले आहेत की मला पाठ झाले आहेत.

‘लहान मुलं काय, कुठंही बसतात. त्यांच्या शीला कसला आलाय विटाळ?’ विटाळाचा प्रश्न नाही, रोगाचा आहे. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज पूर्ण चुकीचा आहे. मुलांना जुलाब, जंत, कावीळ मोठ्यांपेक्षा जास्त होतात, त्यामुळे त्यांच्या शीतून रोग पसरायचा धोका मोठ्यांइतका तरी असतोच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास मुलांच्याच शीची सुरक्षित विल्हेवाट लागत होती. बाकीची कुठे गेली? ज्या अंगणात तीच मुलं रांगतात तिथे.

‘घरून करून निघावं.’ वरचा तिसाचा पाढा पुन्हा वाचा.

‘डायपर आहेत की.’ ज्यांना रोज परवडतात त्यांना आहेत. आणि चार वर्षांच्या मुलाला, जे घरी नीट सांगतं, त्याला बाहेर निघताना डायपर बांधणं म्हणजे त्याला शिकवलेलं आपल्याच हातानं पुसणं. वापरलेला डायपर टाकायला डबा नसतो, मग तो गटारात जातो आणि ते गटार साफ करायला कुणाला तरी उतरावं लागतं. २०१३ साली कायदा होऊनही ते ‘कुणीतरी’ कोणत्या जातींतले असतात ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मुलाच्या सोयीचा भार त्यांच्या डोक्यावर नको.

‘आधी मोठ्यांची सोय होऊ द्या.’ हा आक्षेप मला सर्वांत चीड आणतो. मोठ्यांची सोय पूर्ण झाली असं कधीतरी होणार आहे का? मूल थांबत नाही. तीन वर्षांचं मूल तीन वर्षांचं एकच वर्ष असतं. योजना मंजूर होईपर्यंत ते शाळेत जातं आणि आडोसा शोधायला शिकलेलं असतं. पुढे हाच मुलगा मोठा होऊन भिंतीशी उभा राहतो आणि आपण पाटी लावतो, ‘येथे लघवी करू नये’. कुठे करावी ते त्याला चौथ्या वर्षी आपण दाखवलं होतं का?

‘पैसे कुठून आणायचे?’ मुतारी दोन फुटांऐवजी सव्वा फुटावर बसवायला जास्त पैसे लागत नाहीत. भिंतीत एक कडी, नळाची एक तोटी खाली, बेसिनपुढे सिमेंटची एक पायरी, पिशवीला एक खुंटी. नवं बांधताना हे सुचलं तर खर्च जवळजवळ शून्य. न सुचल्याचा खर्च मात्र डॉक्टरांच्या बिलात दिसतो.

*

आता ज्या घरांसाठी हा अंक निघतो, त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

आपण सीमेवरची आणि परमुलखातली माणसं पाट्यांवरून फार भांडतो. महाराष्ट्रानं २०२२ साली सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची केली. कर्नाटकानं २०२४ साली पाटीचा साठ टक्के भाग कानडीत हवा असा कायदा केला. आपल्या लिपीचा मान मलाही हवा आहे. पण स्वच्छतागृहावरची पाटी गुजरातीत आहे, मराठीत आहे की कानडीत, हे ज्याला सर्वांत जास्त निकड आहे त्याला वाचताच येत नाही. त्याच्यासाठी दारावर एक चित्र हवं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि पाटीखालचं दार उघडून आत बघितलं तर तुटलेली कडी तिन्ही भाषांत सारखीच तुटलेली असते.

या मागणीत आपल्याला शेजाऱ्याशी भांडावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. निजामपुऱ्यातल्या गुजराती आजीला आणि मराठी आजीला नातवाची अडचण सारखीच ठाऊक आहे. बेळगावात, बिदरात, कारवारात ती तशीच असणार. दुसऱ्या भाषेच्या राज्यात आपली मागणी सहसा ‘त्यांची’ म्हणून बाजूला ठेवली जाते. ही मागणी कुणाला तशी बाजूला ठेवता येणार नाही. अर्ज त्या त्या राज्याच्या भाषेत लिहा, शेजाऱ्याकडून तपासून घ्या आणि पहिली सही त्याच्या सुनेची घ्या.

मागायचं काय ते नेमकं मागा, कारण ‘मुलांची सोय करावी’ या वाक्याला कचेरीत काही अर्थ नसतो. प्रत्येक सार्वजनिक स्वच्छतागृहात एक लहान भांडं आणि शेजारी धरायची कडी. एक खालची मुतारी. एक खालची तोटी किंवा बेसिनपुढे पायरी. लहान मग. उजेड. बाहेरून उघडता येईल अशी कडी, म्हणजे मूल आत अडकणार नाही. खुंटी आणि एक फळी. जिथे जागा असेल तिथे एक दार असं, की ज्यातून आई, बाप, आजी, आजोबा कुणीही मुलाला घेऊन आत जाऊ शकेल. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला, त्याच्याबरोबरच्या माणसाला पैसे नाहीत. स्टँड, बाग, बाजार, दवाखाना, या चार जागांपासून सुरुवात होऊ द्या.

पण महापालिकेच्या दारात जायच्या आधी आपल्या घराकडे बघू. आपली महाराष्ट्र मंडळं, वाचनालयं, मंगल कार्यालयं, गणेशोत्सवाचे मांडव. तिथे लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धा होतात, श्लोकपाठांतर होतं, ‘मुलांनी मराठी टिकवली पाहिजे’ असं अध्यक्ष सांगतात. पहिल्या रांगेतलं मूल त्या वेळी पाय आवळून बसलेलं असतं. ज्या जागी आपल्याला भीती वाटते, जिथे आपली चड्डी ओली होते आणि लोक हसतात, त्या जागेची भाषा मुलाला आपली वाटेल का? मराठी टिकवायची तर मराठी मंडळाच्या संडासात एक पायरी बांधा, असं मी आमच्या इथल्या सभेत म्हटलं तेव्हा लोक हसले. सुतार मात्र हसला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी लाकडी पाट करून आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

तुमच्या संस्थेची वार्षिक सभा येईल तेव्हा विषयपत्रिकेवर हा विषय घाला. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून नको, पहिल्या तिनांत. टेप घेऊन जा आणि बरोबर एक चार वर्षांचं मूल न्या. त्याला नळापाशी उभं करा, कडीपाशी उभं करा, भांड्यापाशी उभं करा. मापं लिहून घ्या आणि सभेपुढे ठेवा. मुलाला भाषण करावं लागणार नाही. त्याचा हात नळाला पोचत नाही, एवढं सगळ्यांनी बघितलं की पुरे.